तुझ्या पानावर खर्रा नाही

प्रिय ताई,

"तोंडात काही असलं का हात चालते." हे तू मला म्हणालीस तेव्हा मी नऊ वर्षांची होते आणि तू एकोणीसची. आपल्या दोघींच्या मध्ये शेवंतीचा ढीग होता, दोरा तुझ्या पायाच्या अंगठ्याला अडकवलेला होता आणि मला दुपारची झोप अनावर झाली होती. तू अडकित्त्याने सुपारी कातरलीस. अर्धी तुझ्या गालात गेली, अर्धी माझ्या. खरंच गं, हात चालले!

तुला जाऊन दोन वर्षं झाली, आणि ते वाक्य आज पुन्हा ऐकलं. तुझ्याच आवाजात, पण तुझ्या तोंडून नाही. कोमल म्हणाली. तुझी बावीस वर्षांची लेक. म्हणून हे पत्र.

अमरावतीच्या दातांच्या दवाखान्यातल्या बाकावर बसून लिहिते आहे. कोमल आत आहे. तिच्या गालात आतून इंजेक्शन देतात, दर आठवड्याला एक. आजचं चौथं. घाबरू नकोस, ती तुझ्यासारखी पळून जात नाही. गेल्या वेळी डोळ्यांतून पाणी आलं, तरी जागची हलली नाही.

तुझं दुखणं कधी सुरू झालं, आठवतं का? मला आठवतं. पोळ्याच्या दिवशी तू माझ्याकडे अकोल्याला आली होतीस. मी मिरचीचा ठेचा केला होता. एक घास घेतलास आणि ताट सरकवलंस. "आग होऊन राहिली वं तोंडात." आणि मी काय म्हटलं? "कावून वं, पुण्याची झाली का तू?" सगळे हसले. तूही हसलीस. आपल्या वऱ्हाडात ठेचा लागला तर माणसाची थट्टा करतात, त्याला दवाखान्यात कोण नेतं! उष्णता झाली म्हणाले, गुलकंद दिला. मिरची बंद केली. सगळं बंद केलं ताई, एक खर्रा सोडून.

मग तुला फुंकणीने चूल फुंकता येईना. मग लग्नाच्या पंगतीत लाडू चुरून खाऊ लागलीस. मी पाहत होते. शाळेत पोरांना तंबाखूच्या दुष्परिणामांवर निबंध लिहायला लावणारी मी, सख्ख्या बहिणीला एका शब्दाने बोलले नाही! का? कारण तो खर्रा भाऊजी घोटायचे. दुपारी फुलं तोडून आले की ओट्यावर बसून, प्लॅस्टिकच्या पन्नीत सुपारी, तंबाखू, चुना, आणि तळहाताने घोट घोट घोटायचे. कधी तुझं नाव घेऊन हाक न मारणारा माणूस तुझ्यासाठी तेवढं करायचा. त्यात मी काय बोलणार होते?

बोलायला हवं होतं. हे माझ्याकडे राहिलं.

शेवटी तुला इथेच आणलं, याच बाकावर. बाई डॉक्टर म्हणाल्या, आ करा. तुझ्या दातांमध्ये धड दीड बोट जाईना. त्यांनी किती साधं सांगितलं होतं: जखम झाली की शरीर आतून धागे विणून ती भरतं. सुपारी रोज गाल सोलते, शरीर रोज विणतं, आणि मग विणणं थांबतच नाही. गाल दोरखंडासारखा होतो. याला फायब्रोसिस म्हणतात. जे घट्ट झालं ते पहिल्यासारखं मऊ होणार नाही, पण खर्रा आज सोडलात तर पुढचं थांबेल, इंजेक्शनांनी आणि व्यायामाने तोंड आणखी उघडेल, नाहीच उघडलं तर आतले पट्टे कापता येतील. "पण आधी खर्रा," त्या म्हणाल्या. "तो सुरू ठेवून मी काहीही केलं तरी वाया."

आणि तू? इंजेक्शन न घेताच बाहेर येऊन म्हणालीस, "दिवसभर उन्हातान्हात फुलायत राहून मेली नाही मी, सुपारीनं मरते काय!"

त्यांनी लाकडाच्या चपट्या काड्या दिल्या होत्या, आइस्क्रीमच्या असतात तशा. मागच्या दाढांमध्ये धरायच्या आणि थोड्या थोड्या दिवसांनी एकेक वाढवायची. महिन्याने मी तुमच्या गावी आले, तर काड्या कुठे? शेवंतीच्या रोपांच्या वाफ्यात! पांढरी कुठली, पिवळी कुठली, हे कळावं म्हणून रोवलेल्या. वर नावं तुझ्या अक्षरात, पेनाने. मी ओरडले तर म्हणालीस, "कामाले तं आल्या ना?"

तुझ्यावर रागवावं तर असं. हसू आधी येतं.

पुढच्या वर्षी गालात चट्टा आला आणि तो कॅन्सरचा निघाला. शेवटच्या उन्हाळ्यात तू आमरसही नळीने प्यायलीस. तेव्हाही उशाखाली पन्नी सापडली. तुझ्यावर चिडले नाही मी. पण आज चिडते आहे, ऐक.

गेल्या अक्षय तृतीयेला भाऊजींनी तुझं पान वाढलं. घागर भरली, वडे, कुरडई, आमरस आणि पानाच्या कडेला ताजा घोटलेला खर्रा. "तिले आवडे," एवढंच म्हणाले आणि डोळे पुसले. पान उचलताना मी पाहिलं, कोमलने ती पन्नी ओढणीच्या टोकाला बांधली.

"काय करून राहिली?"

"आईचा प्रसाद हाये मावशी. फेकू का?"

ताई, तुझ्या लेकीने तुझा प्रसाद खाल्ला! पहिलाच नव्हता तो, हे नंतर कळलं. तू गेल्यावर तुमच्या फुलांच्या दुकानात तुझ्या जागी हार गुंफायला ती बसली, तुझ्याच चटईवर, आणि गालात तेच. "त्यानं आई जवळ बसल्यासारखी वाटते," म्हणाली. गेल्या महिन्यात माझ्याकडे आली. जेवताना ताट सरकवलं. "मावशी, तिखट लागून राहिलं." मी तिला हसले नाही. हात धरला आणि सरळ अमरावतीची बस पकडली. दोन बोटं, ताई. तीन उभी जायला हवीत, तिला दोन.

उद्या अक्षय तृतीया. सकाळी भाऊजींना फोनवर सांगितलं, यंदा पानावर खर्रा ठेवायचा नाही.

"नंदाबाई, एक दिवस तं खाऊ द्या तिले. आता काय होनार हाये तिले?"

"तिले नाही होत भाऊजी. पानाजवळ बसनारीले होते."

"पितर उपाशी गेलं तं घराले लागते."

"लागू द्या. माह्या नावानं लागू द्या."

मग म्हणाले, "मंग मी तिच्यासाठी करू काय?" मला रडू आलं गं. पण मी माघार घेतली नाही. म्हटलं, कोमलच्या काड्या मोजा. रोज, दुपारी, ओट्यावर बसून. हो म्हणाले नाहीत. फोनही ठेवला नाही.

कोमल आत्ताच बाहेर आली. गाल सुजलाय. येताना बसमध्ये मी विचारलं होतं, दुकानात आता कसं वाटतं? तेव्हाच तुझं ते वाक्य म्हणाली: "तोंडात काही असलं का हात चालते, मावशी. आता हात थांबते." म्हटलं, थांबू दे. हार उशिरा झाला तर देव काही उठून जात नाही. बारा काड्यांपासून सुरुवात केली होती तिने. आज पंधरा गेल्या.

तिची तीन बोटं पूर्ण होईपर्यंत मी दर आठवड्याला या बाकावर बसणार आहे. ती चिडली तरी, भाऊजी माझ्याशी बोलले नाहीत तरी, आणि तू रुसलीस तरी. हा शब्द आहे माझा.

उद्या तुझं पान मी वाढणार. वडे मऊ करणार. आमरस वाटीभर असेल, नळी नाही. पानाच्या कडेला जागा रिकामी असेल, तुझी नजर तिथेच जाईल, माहीत आहे मला. जिवंतपणी माझी एक गोष्ट ऐकली नाहीस, उद्याही ऐकणार नाहीस, तरी सांगते: रुसून उठू नकोस. एकदा, फक्त माझ्यासाठी, आ कर ताई, आणि जेव.

तुझीच,
नंदा