नव्या हॉलमधला गारवा

१२ फेब्रुवारी १९७३

भुसावळ पॅसेंजरने दोन तास उशीर केला, पण माझ्या उत्साहात काही फरक पडला नाही. धुळ्यातल्या पाटबंधाऱ्यांच्या कामावर सहा वर्षं काढली. आता पहिल्यांदाच स्वतःच्या ताब्यात एक अख्खी इमारत मिळते आहे, आणि तीही विमानतळाची! कंत्राटदाराचे इंजिनियर चोक्सीसाहेब स्वतः स्टेशनावर आले होते. मला मुकुंदभाई म्हणतात. अठवालाइन्स वस्तीत त्यांनीच खोली बघून ठेवली आहे. सामान टाकून आम्ही आधी पोंक खायला गेलो. आपला हुरडाच, पण लिंबू-मिऱ्याची शेव घालून. सुनंदाला हे सगळं सविस्तर कळवायला हवं. ती बाळंतपणासाठी अंमळनेरला माहेरी आहे. सातवा संपत आला. पत्र लिहितानाच डोळ्यांत पाणी आलं, वेडेपणा नुसता!

१६ फेब्रुवारी

सायकलने डुमस रोडवरून कामावर जातो. एका बाजूला ज्वारीची शेतं, पुढे खारवट मोकळी जमीन, आणि मग धावपट्टी. जुनी इमारत म्हणजे दोन खोल्या, एक वजनकाटा आणि एक लाकडी बाक. तिला लागून नव्वद फूट लांब, चाळीस फूट रुंद असा नवा हॉल पुरा करायचा आहे; भिंती उभ्या आहेत, स्लॅबही पडला आहे. मोझेकची फरशी, धावपट्टीकडे जमिनीपासून छतापर्यंत काच. माणसं बहुतेक आपल्याकडचीच. तिकडे दुष्काळ, म्हणून साक्री-शिरपुराकडून गावंच्या गावं इकडे आली आहेत. मुख्य गवंडी हिलाल. पन्नाशीचा, बोलतो कमी, पण ओळंबा न लावता भिंत सरळ उभी करतो. त्याच्या हाताखाली दगा आणि उखा. दगाची बायको सुंदरा घमेली वाहते. दिवसभर तिची गाणी चालू असतात. नवरा वर परांचीवर आणि ही खालून त्याला चिडवणारी. दोघांच्या लग्नाला दोन वर्षं झाली म्हणे.

२७ फेब्रुवारी

स्लॅबखालचे सेंट्रिंगचे टेकू काल उतरवले. हॉल आता खऱ्या अर्थाने हॉल दिसू लागला. आत आश्चर्यकारक गारवा आहे. बाहेर ऊन तापायला लागलं असताना आत शिरताच कुणीतरी खांद्यावरचं ओझं काढून घ्यावं तसं वाटतं. दुपारच्या सुट्टीत सगळे तिथेच पडले. मीही पडलो. सकाळी सुनंदाचं पत्र आलं होतं. पायांना सूज आहे, वैद्यबुवांनी मीठ बंद केलंय. त्याची काळजी लागून राहिली होती. हॉलमध्ये पडल्यावर ती गेली. उठल्यावर पत्र पुन्हा वाचलं. सूज आहे, मीठ बंद आहे. बरं, असं वाटलं.

६ मार्च

एक विचित्र प्रकार. जेवणाच्या सुट्टीनंतर नव्या फरशीवर एकाच पायाचे लाल ठसे दिसले, ओळीने, खांबापासून दारापर्यंत. ठशांमागे गेलो तर उखा निवांत विटा भिजवत बसलेला. टाचेत दोन इंचांचा खिळा पूर्ण आत गेला होता. त्याला पत्ताच नव्हता. मी दाखवल्यावर त्याने वाकून पाहिलं, दुसऱ्या कुणाचा पाय पाहावा तसं. खिळा मीच उपटला. तो माझ्याकडे बघत होता. मला घाम फुटला, त्याला नाही.

त्याला दवाखान्यात पाठवलं. हिलालने खिळा धुऊन खिशात ठेवला. का ते विचारलं नाही.

१४ मार्च

आज दगा पडला.

परांचीची एक फळी सरकली आणि तो डोक्यावर आला. दवाखान्यात हलवण्यासारखं काही उरलं नव्हतं. सुंदरा धावत आली आणि तिने जो टाहो फोडला तो मी जन्मभर विसरणार नाही, असं तेव्हा वाटलं. तिला आवरणं चार बायकांना जमेना. पोलीस यायला वेळ होता, ऊन मी म्हणत होतं, म्हणून मीच सांगितलं की तिला हॉलमध्ये सावलीला बसवा.

हे मीच सांगितलं. ते इथे लिहून ठेवतो.

अर्ध्या तासाने ती एकटीच बाहेर आली. तोंड धुतल्यासारखं. पदर खोचलेला. गोणपाटाखाली झाकलेल्या दगापाशी आली, वळसा घालून पुढे गेली आणि मला विचारलं, "मनं घमेलं कठे शे?"

मला वाटलं माझ्या ऐकण्यात चूक झाली. तिने पुन्हा तेच विचारलं. मग तिला घमेलं सापडलं आणि ती कामाला लागली. पोलीस आले, पंचनामा झाला, दगाला नेलं. ती वर बघेना. हिलालने तिचा हात धरून म्हटलं की, बाई, तुझा नवरा गेला. ती म्हणाली, "हां, माहीत शे." पाच वाजेपर्यंत तिने वाळू वाहिली. अग्नी द्यायला ती गेली नाही. रागाने नाही, दुःखाने नाही. तिला काम होतं.

घरी येऊन मी पोटभर जेवलो, हे आत्ता लक्षात येतंय.

२० मार्च

चोक्सीसाहेब काम पाहून खूश आहेत. अपघात होऊनही काम एक दिवस अडलं नाही, कुणी आरडाओरडा केला नाही, असं म्हणाले. ते स्वतः हॉलमध्ये तासभर बसून आले.

दुपारी हिलाल माझ्याकडे आला. हॉलच्या सावलीतसुद्धा उभा राहीना. मला पार धावपट्टीच्या टोकाला, उन्हात घेऊन गेला.  मग त्याने सांगितलं की तीन वर्षांपूर्वी त्याची सहा वर्षांची मुलगी गोवराने गेली. तेव्हापासून रोज सकाळी तोंड धुताना त्याला तिची आठवण येऊन रडू यायचं. रोज. कुणाला दिसू नये म्हणून तो तोंडावर पाणी मारत राहायचा. महिनाभर हॉलमध्ये काम केल्यापासून रडू यायचं थांबलं.

मी म्हटलं, बरंच झालं की मग.

तो माझ्याकडे असा बघत राहिला की मला शरम वाटायला हवी होती. "साहेब," तो म्हणाला, "ते रडू मनं व्हतं. ते कोन ली गया?"

ते रडणं माझं होतं. ते कोणी नेलं?

त्याने हेही सांगितलं की तो चार दिवस हॉलपासून लांब, धावपट्टीवर राहिला, आणि आज सकाळी थोडं रडू आलं. उद्या तो माणसं घेऊन उधन्याच्या यंत्रमागांवर कामाला चालला आहे. सुंदराला चल म्हणाला, तर ती म्हणाली, कशाला? मलाही म्हणाला, "तुमी बी चाला. आठे राहू नका." नोकरी अशी सोडता येत नाही, असं मी त्याला समजावलं. त्याने मला नमस्कारही केला नाही.

३ एप्रिल

काल तार आली. मुलगा झाला. दोघं सुखरूप.

तेव्हा मी हॉलमध्ये दिव्यांच्या जागा आखत होतो. तार वाचली, खिशात ठेवली आणि उरलेल्या अकरा खुणा केल्या. संध्याकाळी शर्ट खुंटीला अडकवताना कागद वाजला, तेव्हा पुन्हा वाचली. मुलगा झाला. नऊ महिने ज्याची वाट पाहिली तो मुलगा. मी वाट पाहत खाटेवर बसलो, की आता आनंद होईल. मग दिवा मालवून झोपलो.

आज सकाळी चहानंतर आरशात जिभेवर फोड आलेला दिसला. चहा उकळता होता, असं चहावाला म्हणाला. मला भीती वाटायला हवी. वाटत असावी, कारण उद्यापासून हॉलमध्ये जायचं नाही असं ठरवलं आहे.

९ एप्रिल

हिलाल खरं बोलत होता! पाच दिवस हॉलमध्ये पाऊल टाकलं नाही. आजारी असल्याचं सांगून धावपट्टीवरच्या दुरुस्तीवर उभा राहिलो. आज सकाळी सुनंदाचं पत्र आलं. बाळाचं नाक तुमच्यासारखं आहे, डोळे अजून कुणाचे ते ठरत नाही, असं तिने लिहिलंय. आणि मी, चौतीस वर्षांचा माणूस, रोलरच्या आडोशाला बसून ढसाढसा रडलो. दगासाठी रडलो. सुंदरासाठी रडलो, तिला तिथे मी बसवलं म्हणून. बाळाच्या नाकासाठी रडलो. छाती दुखेपर्यंत.

ठरलं. राजीनामा लिहिला आहे. सुनंदासाठी तारेचा मजकूरही लिहिला: येऊ नकोस, मीच येतो. उद्या चोक्सीसाहेबांच्या हातात राजीनामा दिला की थेट तार ऑफिस.

११ एप्रिल

काल साहेब हॉलमध्ये होते. बाहेर येईनात. राजीनामा द्यायला आत जावं लागलं. त्यांनी बसायला सांगितलं. बाक नवे आले आहेत, छान आहेत. बसलो.

तारेचा कागद खिशातच आहे. आज पाठवतो.

२ मे

काच बसली. बाकांच्या चार रांगा. सुंदरा आता झाडझूड करते. सारा दिवस आतच. तिच्या हाताला फरशी धुवायच्या ॲसिडने भाजलं आहे, तिला सांगितलं. हो म्हणाली. गाणी म्हणत नाही. पूर्वी म्हणायची, असं मागच्या पानांवर लिहिलेलं दिसतं.

राजीनामा आणि तार दोन्ही या वहीत सापडले.

२० मे

सव्वा महिना उलटून गेला. सुनंदा बाळाला घेऊन आली. तिचा भाऊ श्रीकांत पोचवून परतला. स्टेशनावर तिने बाळ माझ्या हातात दिलं. मी ते धरलं. ती माझ्या तोंडाकडे बघत राहिली. टांग्यात विचारलं की, तुम्हाला काय झालंय. मी म्हटलं, काही नाही. खरंच काही नाही.

बाळ खूप रडतं. भुकेसाठी, ओल्या दुपट्यासाठी, उगीचसुद्धा. आवाज मोठा आहे.

२४ मे

सुनंदा दोन दिवस रडते आहे. तुमच्या आयुष्यात दुसरी कुणी आहे का, असं विचारलं. नाही म्हटलं. मग तसं असतं तरी बरं होतं, म्हणाली. निदान कुणासाठी तरी काही वाटत असतं.

वाक्य चांगलं होतं म्हणून उतरवून ठेवलं.

२८ मे

आज ती डबा घेऊन कामावर आली. बाळ कडेवर. तुम्ही दिवसभर असं करता तरी काय ते बघायचंय, म्हणाली. मी फाटकात होतो. तिला अडवायचं हे मला माहीत होतं. आत काय होतं तेही माहीत होतं, या वहीत सगळं आहे. तोंड उघडलं. ती थांबली. ऊन खूप होतं, तिचे डोळे रडून सुजले होते. मी म्हटलं — आत गारवा आहे, बैस जरा.

एवढंच म्हटलं.

बाळ दारापर्यंत रडत होतं.

२९ मे

सुनंदा आता बरी आहे. काही विचारत नाही. आजही आली.

२ जून

उद्घाटन झालं. पाहुणे आत येऊन बसले. सगळे म्हणाले, किती शांत वाटतं. उठवावं लागलं त्यांना.

साहेबांनी मला इथेच कायम देखरेखीला ठेवलं आहे. सुनंदा सकाळीच माझ्याबरोबर येते. बाळाला तिसऱ्या रांगेतल्या बाकावर ठेवते. शहाणं झालंय, बिलकुल रडत नाही.

४ जून

रडत नाही म्हणून आठवण राहत नाही. भूक लागली की मुलं रडतात. याला लागत नसावी — किंवा लागते, पण —

सुनंदाला विचारलं, शेवटचं कधी पाजलंस. तिने विचार केला. सकाळी, म्हणाली. मग म्हणाली, काल.

५ जून

दुपार. सुंदराने बाळाला क्षणभर उचलून तो बाक झाडला. म्हणाली, पोर्‍या लई हलका व्हयना. म्हणजे फारच हलका झाला. आणि पुढच्या रांगेकडे वळली.

उचलून उन्हात न्यायचं. धावपट्टीपर्यंत. पाच दिवसांत मी परत आलो होतो, ९ एप्रिलचं पान आहे. तो लहान आहे, त्याला लवकर — बाहेर नेला की रडेल. रडला की सुनंदा —

बाक इथून दहा पावलं. दार त्यापुढे वीस.

सुनंदा काचेतून बाहेर बघते आहे. दुपट्याबाहेर त्याचा हात आलाय. बोटं उघडी आहेत.

उठतो. उठायलाच हवं. हे मला कळतंय, अगदी स्वच्छ कळतंय. फक्त ही ओळ पुरी करतो आणि