पहिला ड्रमवाला

शुक्रवार, पौड

आज परत दादाचा फोन, त्याचं आपलं तेच. "तू तितं कंपनीची गाडी हाकतोस, हितं जतला आपल्या बेंजो पार्टीत ऑक्टोपॅड कोण वाजवणार? गोट्याला बसवतो. पॅड बिघडलंय, दुरुस्तीला पैसे धाड." म्हणजे वाजवणार चुलत्याचा गोट्या आणि पैसे माझे! मी फोनच कट केला.

नंतर हिंजवडीच्या ट्रॅफिकमधे, माझ्या गाडीत मागं बसणाऱ्या केदार साहेबांनी परत तो चिली देशातला बँड लावला. हेवी मेटल, नुसता धुरळा. शब्द कळत न्हाईत, ड्रम कळतो. साहेब म्हणाले, चौघा पोरांनी गॅरेजात सुरुवात केली. पुढं ड्रमवाला पोटासाठी तांब्याच्या खाणीत गेला. त्यांनी दुसरा घेतला, आणि मगच बँड जगभर फिरला.

"आणि पहिला?"

"त्याला कोण विचारतंय रे! पण जुन्या गाण्यांचे ठेके त्याचेच. अजून तेच वाजवतात."

तो पहिला ड्रमवाला काय डोक्यातनं जाईना. खाणीत त्याला ते ऐकू जात असंल का? राग येत असंल का?

आमच्या वरातीचा पहिला ठेका मीच बसवलाय. गोट्या तोच वाजवणार, दुसरा येतो कुटं त्याला! पण पॅड बंदच राहिलं तर दादा लग्नाच्या सुपाऱ्या सोडंल, पार्टी मोडंल. मग मी परत जाऊन बसायचं तरी कुटं?

दादाला मेसेज केला, "गोट्याला सांग, ठेका बदलायचा न्हाई." सोबत पॅडच्या दुरुस्तीला चार हजार रुपये धाडले.