सैल वीण

आबा, तुमच्या हयातीत मान वर करून तुमच्याशी कधी बोलले नाही, आणि आता थेट पत्र लिहायला बसले आहे. लेकीच्या या आगाऊपणाबद्दल क्षमा असावी.

काटेवाडीच्या घराची पडवी आठवते. लकव्याने तुमचा उजवा हात लुळा पडला होता. मी अकरावीत होते, आणि एका विज्ञानमासिकात कृत्रिम स्नायूविषयी वाचले होते: रबरी नळीवर जाळीदार वीण चढवायची, नळीत हवा भरायची, नळी फुगते, वीण तिला आखूड करते आणि हात उचलला जातो. बारामतीहून मी सायकलची ट्यूब आणली. वीण आपण दोघांनी घातली, गोफण विणतात तशी, टोक तुमच्या पायाच्या अंगठ्यात अडकवून; डावा हात तुमचा, उजवा माझा. "घट्ट वढ, लेकी. ढिली गोफण आपल्याच डोसक्यात धोंडा घालती," तुम्ही म्हणायचात आणि मी ओढायचे. पंप मारला, पण वीण फुगेना. तुमचा हात मांडीवर तसाच. "ऱ्हाऊ दे. तुझ्या यंत्रापरास माझा हात आळशी हाय," म्हणून तुम्ही हसलात. हा हात मीच उचलीन, असा शब्द मी दिला. पुढची दिवाळी तुम्ही पाहिली नाहीत.

पुढे मी पुण्याला शिकायला गेले. तिथल्या प्रयोगशाळेत तोच स्नायू माझ्या वर्गमैत्रिणीने केला. तिच्या वडिलांचाही हात असाच गेलेला. विजेच्या तारांवर चढवतात ती जाळी तिने विकत आणली. ती सैल होती, म्हणून फुगली. फुगायला जागा नसेल तर स्नायू आखडत नाही. आपण गोफणीच्या हिशेबाने चुकलो. तिच्या वडिलांच्या हातातला कप ओठांपर्यंत गेला. "साखर विसरलीस की गं," ते म्हणाले. सगळे हसले. तिच्या यशाचा मत्सर मी सोसला असता. त्या तक्रारीचा मत्सर सोसवला नाही; तशी तक्रार करायला तुम्ही उरला नव्हता.

पुढे तिची जाळी फाटली. "तुला विणता येतं ना? बाबांसाठी करून देशील?" तिने विचारले. कितीतरी दिवस मी तिला टाळत राहिले. शेवटी नायलॉनचा दोरा अंगठ्यात अडकवला. हात सवयीने घट्ट ओढी. मी उसवून पुन्हा सैल विणत असे.

तिने वडिलांच्या हाताचे माप लिहून दिले होते. मी ते उघडलेच नाही. माप तुमच्या हाताचे घेतले, आठवणीतून.

हे पत्र पेटीतच राहील. तुम्हाला दिलेल्या शब्दाची नोंद तेवढी करते: वीण तिच्या घरी पाठवली, शुक्रवार, १३ मार्च १९९८, दुपारी साडेतीन वाजता.