नाडीवर वाटलेलं पाणी

१९ सप्टेंबर

आले एकदाची. तिरोड्याहून भुपेंद्रच्या ऑटोत दीड तास, मांडीवर पुस्तकांचं खोकं, पायाशी औषधांची पिशवी. बोदलकसा मागे पडेपर्यंत भुपेंद्र गप्प होता, मग म्हणाला, मॅडम, वहाँ टॉवर सिर्फ तालाब की पाळ पे मिलता है, आपका मन कैसे लगेगा. मी म्हटलं, मन लागावं म्हणूनच असं गाव निवडलंय. तो हसला, मीही हसले. कित्येक महिन्यांनी हसताना माझा हात छातीवर गेला नाही.

मोहबोडी शंभर घरांचं गाव. तलाव गावाच्या डोक्याशी, पूर्वजांनी हातांनी बांधलेला, आणि त्याच्या पायथ्याला उतरत गेलेल्या धानाच्या बांध्या, म्हणजे बांध घातलेली लहान लहान शेतं. हिरवा रंग इतका की डोळे निवतात. शाळेत तीन महिने नववी-दहावीला मराठी शिकवायचं. खोली शामकलाबाईंच्या घरात. सत्तरीच्या, एकट्या, तोंडाने तिखट. मला पाहताच म्हणाल्या, काऊन बाई, शहरात जेवाले नाय भेटत का, हाडं मोजून घ्या म्हणतात.

एकदा लिहून टाकते. वीस वर्षं मी विदर्भभर भाषणं केली. बुवाबाजीवर, विडी कामगारांच्या मजुरीवर, बाईच्या नावावर नसलेल्या जमिनीवर. माइक बंद पडला तरी शेवटच्या रांगेला ऐकू जायची. दोन वर्षांपूर्वी भर सभेत हृदय गोणीतल्या बेडकासारखं उड्या मारू लागलं. ठोके अनियमित आहेत, डॉक्टर म्हणाले. एक गोळी ठोके आवरायला, एक रक्त पातळ ठेवायला. मग भीती आली, पुढचा ठोका पडेल की नाही याची. हृदयाचे डॉक्टर म्हणतात, भीतीने ठोके बिघडतात. मनाचे डॉक्टर म्हणतात, ठोके बिघडतात म्हणून भीती. दोघं मला एकमेकांच्या दारात सोडून मोकळे होतात. फुलचूरला बहीण नीतू रोज विचारायची, आज कसं वाटतंय. त्या प्रश्नापासूनच पळून आले.

इथे कुणाला सांगायचं नाही. आजारी बाईचं कुणी ऐकत नाही, तिची कीव करतात.

२१ सप्टेंबर

पाऊस पाठ फिरवून गेला आहे आणि धान निसवायला लागलं आहे. आता पाणी मिळालं नाही तर लोंब्या पोचट राहतात. म्हणून तलावाचं पाणी सोडायचं. केवलराम पटेल, तलावाचा कारभार पाहणारे, आज सकाळी पाच-सहा जणांना घेऊन अंगणात आले. मला वाटलं शाळेचं काही असेल.

गावात पाणी घड्याळावर वाटत नाहीत. नाडीवर वाटतात. ज्याची एकही बांधी या तलावाखाली नाही, अशा परक्या माणसाला पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, बसवायचं. गावची एखादी बाई त्याच्या मनगटावर बोटं ठेवते, शंभर ठोक्यांना एक चिंचोका बाजूला काढते. वीस चिंचोके झाले की एका बांधीचा वाटा संपला, तुडूम, म्हणजे पाण्याचं दगडी तोंड, दुसऱ्या चारीकडे वळवायचं. मी विचारलं, मोबाइल असताना हे काय. केवलराम म्हणाले, दोन साल मोबाइलवर केलं, दोघांची डोकी फुटली. घड्याळ लावणारा गावचाच असते ना बाई, परक्याची छाती कोणाच्या बापाची नसते.

मोजायला बाईच का, तर शामकलाबाईंचं उत्तर तयार होतं. सातबाऱ्यावर आमचं नाव नाय, म्हणून आमाले बेइमानी करायची सोय नाय.

काय सांगू, मी खूश झाले. ज्याचा स्वार्थ नाही त्याच्या हाती न्याय, यावर मी तासभर बोलले असते. हो म्हणून टाकलं. त्या क्षणी माझी छाती काय आहे हे मला आठवलं नाही असं नाही. आठवलं. तरी हो म्हटलं.

२३ सप्टेंबर

पहिला दिवस. सकाळी सहाला पाळीवर चटई. शामकलाबाईंची बोटं जाड, कोरडी, खडबडीत. मनगटावर ठेवताच त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि मोजायला लागल्या. गोळीमुळे नाडी संथ होती. चार वाटे झाले. केवलरामांची बांधी काठोकाठ भरली. तलावाखाली एकंदर बेचाळीस बांध्या आहेत. शाळेची घंटा होईपर्यंत रोज दोन-चार वाटे, मग तुडूम बंद.

दोन वर्षांत पहिल्यांदा माझं हृदय कुणाच्या उपयोगी पडलं. हे वाक्य लिहिताना लाज वाटते, पण खरं आहे.

२७ सप्टेंबर

आज उमेंद्रचा वाटा होता. पस्तिशीचा, रुंद खांद्यांचा, बोलण्यापेक्षा बघणारा. खांद्यावर फावडं घेऊन तो समोर उभा राहिला आणि माझ्या मनगटाकडे बघत राहिला. कुणी माझ्या नाडीकडे बघितलं की ती बिथरते. दोन उड्या, एक खंड, मग घोडदौड. वीस चिंचोके पंधरा मिनिटांत संपले. केवलरामांना त्याच वीस चिंचोक्यांत पस्तीस मिनिटं पाणी मिळालं होतं. उमेंद्रच्या बांधीचा खालचा कोपरा कोरडा राहिला.

तो एवढंच म्हणाला की माह्या येळीच छाती पळते का बाई. लोक हसले. मी हसले नाही.

मला कळतं आहे काय होतंय. ज्याची भीती वाटते त्याला कमी पाणी मिळतं. ज्याला कमी मिळतं तो जास्त रागाने बघतो. त्याच्या अजून दोन बांध्या बाकी आहेत.

३० सप्टेंबर

दुसऱ्या बांधीला अकरा मिनिटं. उमेंद्र या वेळी भाऊ आणि चुलत्यांना घेऊन आला होता. आठ जण, गोल करून, माझ्या मनगटाकडे बघत. शामकलाबाईंची बोटं मध्येच थांबायची, कारण मोजायला ठोकाच सापडायचा नाही, मग एकदम तीन. एवढ्या जणांत त्या एकट्या घामेजल्या नव्हत्या.

संध्याकाळी दाराबाहेर पोचट लोंब्यांची जुडी ठेवलेली होती. विद्यार्थी वर्गात माझ्याकडे न बघता माझ्या हाताकडे बघतात.

आयुष्यभर लोकांना सांगितलं, खरं बोला, त्याची किंमत मोजा. आणि मी एका मनगटावर खोटं बोलत बसले आहे. परवा ग्रामसभा आहे. बोलणार.

२ ऑक्टोबर

बोलले. उभी राहून, घसा मोकळा करून, पाऊण तास. आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दाखवल्या, घड्याळ लावा, तीन गावांतून तीन परके आणून बसवा म्हटलं. दोष माझा आहे, पाण्याचा नाही. सभा शांत होती. इतकी शांतता मला कधी टाळ्यांच्या आधी मिळायची.

टाळ्या झाल्या नाहीत. केवलराम म्हणाले, बावीस बांध्यांना तुमच्या ठोक्यावर पाणी गेलं, आता उरलेल्या वीसले दुसऱ्याच्या ठोक्यावर देलं तर तो न्याय कोणता. ज्यानं तोंड उघडलं त्यानंच बंद करायचं. उमेंद्र म्हणाला, मंग सरळ ठोक्यावर पाहिजे. शामकलाबाईंनी सगळ्यांसमोर सांगितलं की त्यांना पहिल्या दिवशीच कळलं होतं. वाकडी हाये पण परकी हाये म्हणून गप्प बसलो. मग माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाल्या, कायले घाबरून राहिल्या बाई, सरळ करून घेऊ.

४ ऑक्टोबर

पाळीच्या डागडुजीचं काम काढलं आहे. माती टाकतात आणि लाकडी धुमसांनी ठोकतात. वीस-पंचवीस बायका-पुरुष ओळीत, एकाच वेळी उचलतात, एकाच वेळी आपटतात. धप्. धप्. धप्. सकाळपासून अंधार पडेपर्यंत. मी मिनिट मोजलं. बहात्तर. परत मोजलं. बहात्तर. शाळेत ऐकू येतं, खोलीत ऐकू येतं, उशीखाली डोकं घातलं तरी जमिनीतून येतं.

पाळ कुठेही फुटलेली नाही. मी जाऊन पाहिलं.

केवलरामांना जाब विचारला. ते म्हणाले, पाळ मजबूत करून राहिलो, तुमाले काय त्रास. खरंच काय त्रास, हे मला सांगता आलं नाही. गावकरी माती ठोकतात आणि माझी छाती त्याला आपल्यावरचा कट समजते. भीतीचा आजार असलेल्या बाईचं कोण ऐकणार. मी तरी ऐकलं असतं का.

७ ऑक्टोबर

नाडी सरळ झाली आहे.

आधी विश्वास बसला नाही. गळ्यावर बोटं ठेवली, बीपीचं मशीन लावलं, चार वेळा. बहात्तर, बहात्तर, बहात्तर, बहात्तर. अनियमित ठोक्याची खूण मशीनवर उमटत नाही. दोन वर्षं डॉक्टरांना जमलं नाही ते गावाने तीन दिवसांत केलं. आजचे चारही वाटे सारखे गेले. उमेंद्रच्या तिसऱ्या बांधीला सगळ्यांइतकं पाणी मिळालं. तो समोर उभा होता आणि काहीही झालं नाही.

तेच मला खटकतंय. तो फावडं घेऊन चार हातांवर आला, माझे तळवे ओले झाले, तोंड कोरडं पडलं. मी घाबरले. छाती घाबरली नाही. ती बाहेरच्या धुमसांबरोबर चालत राहिली, जणू ती माझ्या बाजूची नाहीच.

माझं वेडंवाकडं हृदय मला नको होतं. पण ते माझ्या रागाने पळायचं, माझ्या भीतीने अडखळायचं. हे कुणाचं आहे?

८ ऑक्टोबर

दुपारी जेवायला त्यांनी धुमस खाली ठेवले. मी फळ्यासमोर होते. खडू हातातून पडला. बोटं गळ्यावर नेली, तिथे काही नव्हतं. संथ नाही, अडखळणं नाही. काहीच नाही. मग फरशी.

डोळे उघडले तेव्हा पुन्हा धप्, धप् सुरू होतं. शामकलाबाई उशाशी बसून होत्या. म्हणाल्या, आजपासून जेवण पाळीपाळीनं करून घेऊ बाई, तुमी टेन्शन नका घेऊ.

रोज रात्री त्या एकट्याच अंगणात त्याच तालावर उखळात मुसळ चालवतात. उखळ रिकामं आहे.

९ ऑक्टोबर

निघाले. शाळेला अर्ज नाही, कुणाला निरोप नाही, फक्त औषधं. सकाळची बस. पहिल्या वळणापर्यंत आवाज येत होता. दुसऱ्या वळणावर इंजिनच्या घरघरीत तो हरवला आणि समोरची सीट दूर, दूर जायला लागली. थांबवा म्हणायला तोंड उघडलं, आवाज आला नाही. कंडक्टरने मला रस्त्याच्या कडेला निजवलं असावं.

मोटारसायकलवर उमेंद्र मागून येतच होता. मला पुढ्यात आडवी घेऊन त्याने परत आणलं. धप्, धप् पुन्हा ऐकू आलं तेव्हा माझे डोळे उघडले. तो एवढंच बोलला, वाटा अर्धा टाकून कोनी जाते का.

१० ऑक्टोबर

पाळीवर जाऊन फोन केला. रुग्णवाहिका आली. तरुण डॉक्टर, थकलेला. पाळीवरच इसीजी काढला. माझ्यासमोर कागद धरला – सरळ, सुबक, सारख्या अंतरावरची शिखरं. मॅडम, जुने रिपोर्ट बघता हा तर फर्स्ट क्लास आहे. मी धुमसांकडे बोट दाखवलं. ते थांबले की मी थांबते, मी म्हणाले. त्याने मान हलवली, माझ्या गोळ्यांची पाकिटं पाहिली, आणि मला त्याच्या डोळ्यांत ते वाक्य तयार होताना दिसलं. मी शेकडो वेळा पाहिलं आहे. ही भीती आहे, मॅडम.

जाताना त्याने शामकलाबाईंना सांगितलं, यांच्याकडे लक्ष ठेवा. त्या म्हणाल्या, पुरं गाव ठेवून राहिलं.

नीतूला फोन लागला. ती रडायला लागली, भाऊजींना पाठवते म्हणाली, सोमवारी. मी विचारलं, किती बांध्या राहिल्या ते तुला माहीत आहे का. तिला काय कळणार.

सहा राहिल्या.

११ ऑक्टोबर

तीन.

मी हळू मोजा म्हटलं. शामकलाबाईंनी ऐकलं नाही. हात ओढून घेतला तर केवलरामांनी मनगट धरून चटईवर ठेवलं – हळुवार, लेकीचा धरावा तसं.

तलाव तळाला गेला आहे. तुडुमातून गाळ येतो.

विचारलं, शेवटची बांधी झाल्यावर माझं काय. एक बाई दुसरीला म्हणाली, दिवाळीच्या आत कापणी होऊन जाईन आता.

१२ ऑक्टोबर

सकाळ. चटईवरच लिहिते आहे, उजव्या हाताने. डावा शामकलाबाईंकडे.

शेवटची बांधी. कुणाची विचारलं. गावची, म्हणाले.

अठरा चिंचोके.

सगळे इथे आहेत. राग नाही कुणाच्या तोंडावर. कामाचा शेवट आला की माणसं दिसतात तशी –

वीस. शामकलाबाईंनी बोटं उचलली. लुगड्याला पुसली. तुडुमावर दगड सरकवला.

ओळीतल्या दोघींनी धुमस खांद्यावर घेतले. घरी चालल्या. स्वयंपाक राहिला म्हणाल्या.

बारा जण अजून –

नऊ. ताल तोच आहे, फक्त बारीक. हातातलं पेन जड

उमेंद्रने त्याचा ठेवला. हात जोडले मला. न्याय झाला म्हणाला बाई

पाच

थांबू नका म्हणायचं आहे. एवढंच. वीस वर्षं शेवटच्या रांगेपर्यंत – ओठ हलतात, कुणी बघत नाही

दोघी. त्यातली एक बोलते आहे दुसरीशी, मध्येच विसरते उचलायला

एक

केवलराम तिला म्हणतात राहू दे आता, पोरी, हात दुखले अस