उसात गेलेले चेंडू

६ एप्रिल, रविवार. सकाळी ६.१०
आजपासून रोज शेतात गोल्फ. मुलीचं, मंजुश्रीचं, लग्न होऊन वर्ष झालं, पण तिचे सासरे महादेवप्पा माझ्याशी ऊन आणि तुरीचा भाव यापलीकडे बोलत नव्हते. ते पुण्यात क्लबात खेळतात. परवा मीही खेळतो म्हटलं, तर माणूस चाळीस मिनिटं फोनवर बोलला. इतकं बरं वाटलं. जोडीच्या स्पर्धेला त्यांना पार्टनर हवाय. ड्रायव्हर किती जातो, विचारलं. दोनशे यार्ड, म्हटलं. ड्रायव्हर, म्हणजे सगळ्यात लांब मारायची काठी, कालच कुरिअरने आली.

८ एप्रिल
औशाजवळचं आमचं रान हरभरा निघाल्यापासून मोकळं. मोजणीच्या नकाशावर विहिरीपासून पलीकडचा बांध दोनशे मीटर, म्हणजे २१९ यार्ड. त्यापुढे शेजारी संगमेश्वरचा ऊस. विहिरीजवळून वीस चेंडू मारले. अकरा सापडले, सत्तर-ऐंशी पावलांवर. ते हात मोकळा करायचे, धरायचे नाहीत. नऊ सापडलेच नाहीत, म्हणजे उसात. सरासरी २१९ च्या वर.

१२ एप्रिल
शेत बघणाऱ्या भुजंगला उसात पाठवलं. हात हलवत परत. एक बी चेंडू न्हाई मालक, म्हणतो. वर म्हणतो, मला तर चेंडू हितंच पडल्यावानी दिसायलाय. डोळे तपासून घ्यायला सांगितलं.

१९ एप्रिल
आणखी तेरा उसात. संगमेश्वर रस्त्यात भेटला. सरळ विचारलं. तो म्हणाला, माझ्या उसात डुकरं येतात, तुमचे चेंडू न्हाई. माझ्या तोंडून चोर शब्द गेला. वीस वर्षांचा शेजार. रोज हात जोडून शरणार्थ म्हणणारा माणूस मान फिरवून गेला. वाईट वाटलं. पण चेंडू द्यायला काय होतं?

२७ एप्रिल, रविवार
रान तापून हातभर भेगा पडल्यात. पाय ठरत नाही, शॉट बिघडतो. काळ्या मातीत गोल्फ खेळून दाखवावा म्हणावं पुणेकरांनी. महादेवप्पांना २२० कळवलं. पुढच्या रविवारी बघायला येतात, स्पर्धेचा फॉर्म घेऊन. ते जाईपर्यंत नांगरट नाही, भुजंगला दोनदा बजावलं. हिला सांगायचं राहिलं.

३ मे
खांदा धरलाय. तरी पाच उसात.

४ मे, रविवार. दुपारी ३
महादेवप्पांना स्टेशनवरून थेट शेतात आणलं. ट्रॅक्टर चालू. अर्धं रान नांगरून झालेलं. हिने बोलावला. आज ट्रॅक्टरची आपली पाळी होती, सोडली असती तर महिनाभर आला नसता, म्हणते.
ढेकळांत पांढरे चेंडू. सगळे भेगांत गेलेले. महादेवप्पांनी टॉवेलमध्ये गोळा केले. सत्तावीस. एकही उसात गेला नव्हता. मग विहिरीपासून पावलं मोजत गेले. सगळ्यात लांबचा एकशे चार. कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं.
चहा घेताना म्हणाले, क्लबात सगळेच दोनशे सांगतात. मीही. माझा जातो एकशे चाळीस. पार्टनर तुम्हीच, पण फॉर्मवर खरं लिहा.

संध्याकाळी ६
आत्ता लक्षात आलं. नांगराने चेंडू मागे ओढले असणार. भुजंगला विचारलं. न्हाई मालक, म्हणाला, विहिरीकडनं बांधाकडं जाणाऱ्या नांगराच्या तासातच समदे निघाले. पुढंच सरकले असतील.
फॉर्मवर ९० लिहिलं. महादेवप्पांनी वाचलं, सही केली.

संध्याकाळी ६.४०
संगमेश्वरची माफी मागायला निघालो. बऱ्याच वर्षांनी बांधापर्यंत चालत गेलो. फार लांब आहे.