सुधाची मर्यादवेल

रविवार, १२ ऑक्टोबर, संध्याकाळ

मैत्रीण सुधाच्या चित्रांवरचा माझा लेख आज छापून आला. कोकणच्या किनाऱ्यावर चालताना तिला दिसलेली रानफुलं, असं तिच्या सांगण्यावरून मी लिहिलंय. दुपारी तिच्या प्रदर्शनात दिग्रसची एक बाई मर्यादवेलीच्या, म्हणजे किनाऱ्यावर वाळूत पसरणाऱ्या वेलीच्या, चित्रापुढे हसली. "हे तं आमच्या नाल्यावरचं बेशरमाचं झाड व्हय. पान पाहा न बाई!"

चित्रातलं पान लांबट, टोकदार. मर्यादवेलीचं पान आपट्यासारखं दुभंगलेलं असतं, हे घरी येऊन शोधलं. लिहिण्याआधी का नाही?

सुधाला फोन केला. "काहून चिडून राह्यली वं? फूल तं सारखंच दिसते. तुनं कुठं समुद्र पाहिला!"

म्हणून लेख मलाच लिहायला सांगितला? ते पान डोळ्यांपुढून हलत नाही. समुद्र पाहिला नाही, हे मी फक्त तिलाच सांगितलं होतं.