सहावा तुकडा

प्रिय दादा,

काल रक्त तपासून तुला नव्या लसीच्या चाचणीतून वगळलं, तेव्हा तूच माझी समजूत घातलीस. "माझं रक्तच आडमुठं, त्यात तुझा काय दोष?" म्हणालास. वहिनी डोळे पुसत उठली. मी मान खाली घालून बसले.

तुझ्या यकृतातल्या जुनाट विषाणूवरची ही लस मीच आखली. विषाणूच्या प्रथिनांचे छोटे तुकडे शरीराला ओळखीचे करून दिले, की ते अनेक बाजूंनी लढतं. पण प्रत्येक शरीर प्रत्येक तुकडा ओळखत नाही. आमच्याकडे सहा तुकडे होते. सहावा घातला की कुपीत गाळ धरायचा आणि सगळी लस वाया जायची. शंभरातल्या चौघांचंच शरीर फक्त तो ओळखत होतं, म्हणून मी तो काढून टाकला. त्या चौघांत तू आहेस, हे मला तेव्हाच माहीत होतं.

आज पहिल्या रुग्णांचे निकाल चांगले आले. तुला फोन केला, तर म्हणालास, "आता माझ्यासारख्यांसाठीही लस काढशील ना?" मी हो म्हणाले.

सहाव्या तुकड्याचं काम बंद करण्याच्या कागदावर मी दुपारीच सही केली होती. नाही केली असती, तर माणसं आणि पैसा त्यातच गुंतून बाकीच्यांची लसही अडकली असती. हे पत्र मी तुला पाठवू शकत नाही.

तुझीच,
धाकटी